वाचकांचे प्रश्न : प्रसंग एक, बाज तीन

प्रश्न : आठवी-नववीच्या ३० मुलांसाठी पाच दिवसांचं नाट्यशिबिर घ्यायचंय, रोज दोन तास. गेल्या वेळी सहा नाट्यप्रकार शिकवले, पण शेवटी सगळ्या गटांची नाटकं सारखीच दिसली. काय चुकलं? (शिक्षिका, खानापूर तालुका)

उत्तर : १० तासांत सहा प्रकार म्हणजे नुसती ओळखपरेड. तीनच घ्या : वास्तववादी, तमाशा, संगीत नाटक. प्रसंग मात्र तिन्हींना एकच ठेवा. समजा, पाहुणा दारात आलाय आणि कुंद्याचा (बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा) डबा रिकामा. आजी, नातू, पाहुणा, सहा वाक्यं. दर वेळी नवी गोष्ट दिली की मुलं गोष्टीतच रमतात, बाज राहतो बाजूला.

पहिला दिवस वास्तववादी. जमिनीवर खडूने १० बाय १२ फुटांची खोली आखा, दार आणि फडताळ ठरवून टाका. प्रेक्षकांकडे बघायचं नाही. आजी भिंतीतून आरपार गेली तर तिथेच थांबवा आणि दारातून परत यायला लावा.

पुढचे दोन दिवस तमाशाला. गण (गणेशवंदना), गवळण (कृष्ण-गवळणींचा प्रसंग), बतावणी (विनोदी संवाद), वग (मुख्य कथानाट्य) हा क्रम सांगा. करायला बतावणी आणि वगाचा तुकडा पुरे. खडूची खोली पुसून टाका. इथे नातू एक गिरकी घेतो की बेळगावहून खानापुरात! सोंगाड्या डब्याचा पत्ता थेट प्रेक्षकांनाच विचारतो. मागे पाच झीलकरी, म्हणजे मागून सूर धरणारे साथीदार, उभे करा. हमखास घोटाळा होतो तो यांच्यापाशी. ओळ संपायच्या आत ‘जी जी रं जी’ सुरू होतं आणि नेमका विनोदाचा शब्द बुडतो. म्हणून ढोलकीची थाप शेवटच्या शब्दानंतर, आणि झील त्या थापेवरच. ढोलकी नसेल तर बाक बडवा. रेकॉर्ड नको, ती सोंगाड्यासाठी थांबत नाही.

चौथ्या दिवशी संगीत नाटक. आजीला रिकामा डबा दिसतो, तिथे गद्य थांबून पद यायला हवं. दोनच ओळी, पाच सुरांत, पेटीवर. या वयात मुलग्यांचा आवाज फुटत असतो. मुलींच्या पट्टीत गायला लावलं की ते ओरडतात नाहीतर गप्प होतात. त्यांच्यासाठी पट्टी उतरवा.

पाचव्या दिवशी १०-१० जणांचे तीन गट. कोणत्या गटाने कोणता बाज करायचा, ते चिठ्ठी टाकून ठरवा.

प्रश्न : निम्मी मुलं घरी कन्नड बोलतात. संवाद फक्त मराठीत ठेवावेत का? (वाचक, निपाणी)

उत्तर : मुळीच नको. बतावणी गैरसमजावरच तर फुलते. पाहुणा कन्नडमध्ये ‘बेड’ म्हणतो, म्हणजे नको. सोंगाड्या खाट आणायला धावतो. हशा मात्र सोंगाड्याच्या अज्ञानावर पिकावा, पाहुण्याच्या उच्चारांवर नको. आणि ही सरमिसळ काही आजची नव्हे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ होते. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर तर आजच्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. एखादा दिवस वाढवता आला तर गोकाककडच्या श्रीकृष्ण पारिजाताचा (कन्नड लोकनाट्याचा) जाणकार कलावंत बोलवा, आणि त्याची पट्टी पेटीवाल्याला आदल्या दिवशीच कळवा.