जिमची बॅग घरच्या मशीनवर शिवली, पण टोकांच्या गोलांना चुण्या पडतात आणि पट्टे उसवतात. कुठे चुकत असेल?

दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा शिवण्याच्या क्रमात असतं. गोल आधी कापले जातात आणि पट्टे शेवटी लावले जातात. तुम्ही उलट करा: आधी पट्टे, मग चेन, आणि गोल सगळ्यात शेवटी कापा.

कापड 10 ते 12 औंसांचा कॅनव्हास किंवा 500 डेनियरचं (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) कोटेड, म्हणजे लेप दिलेलं, नायलॉन घ्या. 1000 डेनियरचे चार थर एकत्र आले की घरगुती मशीन अडतं. सुती कॅनव्हास कापण्याआधी धुऊन घ्या. नाहीतर पुढे कापड आटतं, चेन आटत नाही, आणि चेनच्या कडेने लाटा येतात. कोटेड कापडाला टाचण्या लावू नका, भोकं कायमची राहतात. छोटे चिमटे लावा. सुई 16 नंबरची, दोरा पॉलिएस्टरचा, टाका 3.5 मिमीचा. टाका बारीक ठेवला तर भोकं इतकी जवळ पडतात की ताण आला की कापड त्याच रेषेत फाटतं.

बूट, टॉवेल, कपडे आणि बाटली मावेल अशा बॅगेसाठी 80 × 48 सेंमीचा एक तुकडा पुरतो. 80 ची बाजू गुंडाळून नळी होते, 48 ची बाजू बॅगेची लांबी.

पट्टा 38 मिमी रुंदीचा, साधारण 2.4 मीटर. 25 मिमीचा खांद्यात रुततो. पट्टे उसवतात कारण त्यांची फक्त टोकं कापडाच्या एका थरावर शिवलेली असतात आणि सगळा भार त्या चार टाक्यांवर येतो. म्हणून पट्टा अखंड ठेवा: तळाखालून जाणारा, दोन्ही बाजूंनी वर येणारा, वर 55 सेंमीच्या दोन मुठी सोडणारा. सांधा तळाशी येऊ द्या. तुकडा सपाट असतानाच, लांबीच्या दोन्ही टोकांपासून 14 सेंमी आत, पट्ट्याच्या दोन्ही कडांना टीप मारा आणि चेनच्या कडेआधी 10 सेंमीवर थांबा. थांबल्या जागी चौकोन करून आत फुली शिवा. पट्ट्याची कापलेली टोकं आधी ज्योतीवर वितळवून घ्या.

चेन प्लास्टिकची, 8 नंबरची. धातूच्या चेनवर टोकाची शिवण आली की सुई तुटते. एक बाजू शिवून झाली की चेन पूर्ण उघडा आणि मग दुसरी शिवा. आता नळी तयार झाली.

आता गोल. चेनची पट्टी किती दिसते यावर नळीचा घेर बदलतो, त्यामुळे कागदावरच्या हिशेबाने आधीच कापलेला गोल क्वचितच बसतो. तयार नळीचा घेर मोजा, 3.14 ने भागा आणि त्यात 3 सेंमी मिळवा. 80 सेंमी घेर भरला तर 25.5 अधिक 3, म्हणजे 28.5 सेंमी व्यासाचा गोल. हे 3 सेंमी म्हणजे दोन्हीकडची दीड-दीड सेंमी माया, म्हणजे टिपेबाहेर सोडलेलं कापड.

गोलाची कापलेली कड आता जवळपास 89 सेंमी आहे आणि नळीची 80. टीप जिथे पडते तिथे दोन्ही सारख्या असतात, पण कडा जुळत नाहीत. चुण्या पडतात त्या इथेच. नळीच्या मायेला दर दीड सेंमीला 1 सेंमी खोल काप द्या, म्हणजे ती कड उघडून गोलावर बसते. काप टिपेपर्यंत मात्र नेऊ नका. नळी आणि गोल दोन्हींवर चार समान खुणा करा, खुणेला खूण जुळवून चिमटे लावा, आणि शिवताना नळी वर, गोल खाली ठेवा. काप डोळ्यासमोर राहतात, सरळ करता येतात. सावकाश, गरज पडली तर हाताने चाक फिरवत शिवा. मग त्याच रेषेवर दुसरी टीप मारा आणि मायेवर पायपिंग (कड झाकणारी पट्टी) लावा, नाहीतर कॅनव्हासची सुतं निघत राहतात.

दुसरा गोल जोडण्याआधी चेन निम्मी उघडी आहे ना ते बघा. बंद राहिली तर बॅग सुलटी करता येत नाही, शिवण उसवावी लागते.

घामाचे कपडे कोटेड कापडात कोंडले की वास धरतात. एक गोल पूर्णपणे जाळीचा करू नका, जाळी ताणली जाते आणि आकार जातो. त्याऐवजी त्या गोलावर, चेनपासून दूर, हवेसाठी दोन आयलेट (कडी बसवलेली भोकं) बसवा आणि मागून कापडाचा जास्तीचा तुकडा लावा, म्हणजे ती निसटत नाहीत.