लोड कंपनीचा, भिंत सोसायटीची

प्रश्न : पुण्यात ४८ सदनिकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहतो. इमारत २०११ची आहे. स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या भागातली) एक जागा पार्किंगसाठी मला वाटपपत्राने मिळालेली आहे. चार महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिक कार घेतली. तिच्याबरोबर आलेला ७.४ किलोवॅटचा चार्जर अजून खोक्यातच आहे, कारण कमिटी एनओसी देत नाही. ‘एकाला दिली की सगळे मागतील, ट्रान्सफॉर्मर जळेल, मग नव्याचा खर्च तुम्ही देणार का?’ असं सेक्रेटरी विचारतात. वीज कंपनीत गेलो तर म्हणतात, आधी सोसायटीची एनओसी आणा. शेवटी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेंशन वायर खाली सोडून रात्री गाडी चार्ज करू लागलो. आता कमिटीने ५,००० रुपये दंडाची नोटीस काढली आहे. शिवाय घरगुती मीटरवर गाडी चार्ज करणं म्हणजे वीजचोरी, तशी तक्रार करू, अशी धमकीही आहे. मी काय करावं?

उत्तर : सगळ्यात आधी ती वायर काढा. आज संध्याकाळीच. तुमची बाकीची बाजू चांगली आहे, पण या वायरीमुळे ती लंगडी पडते. साध्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर गाडी साधारण चौदा अँपिअर ओढते, तेही सलग सहा-आठ तास. गीझर तेवढाच ओढतो, पण पंधरा मिनिटांत बंद होतो. तीन मजले लोंबणारी वायर, मधला जोड आणि वर गुंडाळून ठेवलेलं उरलेलं वेटोळं, हे सगळं रात्रभर तापत राहतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांत वाहन चार्ज करताना एक्स्टेंशन वायर वापरायला स्पष्ट मनाई आहे. उद्या प्रकरण कुठेही गेलं तरी समोरचा वकील पहिला फोटो त्या खिडकीचाच दाखवणार. मी त्यांच्या बाजूने असतो तर मीही तेच केलं असतं.

आता मूळ भांडण. कमिटीने दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारली आहे, आणि वीज कंपनीच्या खिडकीवर तुम्हीही ती तशीच नेलीत. एक गोष्ट लोडची, दुसरी भिंतीची.

लोड पुरेल की नाही, ट्रान्सफॉर्मर टिकेल की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कमिटीला नाही. विद्युत अधिनियम, २००३च्या कलम ४३ प्रमाणे जागेच्या मालकाने किंवा ताबेदाराने मागणी केली की वीज पुरवणं हे वितरण कंपनीचं कर्तव्य आहे. तिची यंत्रणा अपुरी असेल तर वाढवणं हेही तिचंच काम. वीज ग्राहक हक्क नियम, २०२० मध्ये फेब्रुवारी २०२४ला दुरुस्ती झाली आणि वाहन चार्जिंगसाठी ग्राहकाला स्वतंत्र जोडणी मागण्याची स्पष्ट सोय झाली. नवी जोडणी किंवा असलेल्या जोडणीत बदल महानगरात ३ दिवसांत करून द्यायचा, अशी मुदतही त्याच दुरुस्तीने आणली. दोन अटी लक्षात ठेवा : अर्ज सर्व बाजूंनी पूर्ण हवा, आणि वाहिनी किंवा उपकेंद्र वाढवण्याची गरज नसावी. गरज असेल तर मुदत लांबते, कर्तव्य संपत नाही.

भिंतीचं मात्र तसं नाही. मीटर रूमपासून तुमच्या गाडीपर्यंत जाणारी केबल सोसायटीच्या डक्टमधून, छताखालून, खांबावरून जाणार. ही सामाईक मालमत्ता आहे. पार्किंगची जागा तुम्हाला वापरायला दिलेली आहे, ती तुमच्या मालकीची नाही. स्टिल्ट पार्किंग हा इमारतीचा सामाईक भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे. त्यामुळे केबल कुठून न्यायची, कोणत्या पाइपातून, आग लागू नये म्हणून काय केलंय, हे विचारायचा सोसायटीला पूर्ण हक्क आहे. अटी घालता येतील. पण ‘सगळे मागतील’ ही अट होत नाही. तो नुसता नकार आहे, आणि लोडच्या नावाखाली दिलेला.

म्हणून अर्जही दोन करा. वीज कंपनीकडे सदनिकेच्या मीटरचा मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची परवानगी आहे तो आकडा) वाढवण्याचा अर्ज करा. सदनिका तुमची, मीटर तुमचा, त्यामुळे माझ्या मते या अर्जाला सोसायटीच्या एनओसीचा काही संबंध नाही. तरीही मागितली तर ‘कोणत्या नियमाखाली मागता ते लेखी कळवा’ एवढंच पत्र आवक शिक्का घेऊन द्या. या एका वाक्याने पुष्कळ खिडक्या उघडतात. सोसायटीकडे फक्त केबलच्या मार्गाची परवानगी मागा. पार्किंगसाठी वेगळा मीटर हवा असेल तर दोन्ही गोष्टी पुन्हा एकमेकांत गुंततात. तेव्हा वाटपपत्र आणि सोसायटीचं संमतिपत्र लागणारच, हे धरून चाला.

एक गोष्ट मात्र तुमच्या सेक्रेटरींच्या बाजूने सांगतो. ट्रान्सफॉर्मरची भीती वेडगळ नाही. समजा तुमच्याकडे बारा गाड्या आल्या आणि सगळ्यांनी कामावरून आल्या आल्या साडेसातला ७.४ किलोवॅटचे चार्जर लावले. ८८ किलोवॅटच्या वर भार एका क्षणात चढला, तोही घरोघर एसी, ओव्हन, लिफ्ट चालू असण्याच्या वेळेला. ट्रान्सफॉर्मर एका रात्रीत जळतो असं सहसा होत नाही, पण रोज जास्त तापला की आतल्या तेलाचं आणि कागदी आवरणाचं आयुष्य भराभर घटतं. रात्री थंड व्हायला मिळणारी उसंतही जाते. आणि कॉन्ट्रॅक्टरने सगळे सिंगल फेज चार्जर एकाच फेजवर (इमारतीत येणाऱ्या तीन तारांपैकी एकीवर) टाकले तर न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, करंट वाहू लागतो आणि त्या फेजवरच्या घरांत व्होल्टेज पडतं. दिवे मिणमिणायला लागले की सभेत तुमच्या बाजूने कोण बोलणार?

पण हाच हिशेब पुढे करून बघा. रोज ४० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला, गळती धरून, सात युनिट पुरतात. बारा गाड्यांची ८४ युनिटं झाली. ती रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत वाटून दिली तर सरासरी भार साडेदहा किलोवॅट, म्हणजे दीड चार्जरपेक्षाही कमी. फरक गाड्यांच्या संख्येने पडत नाही, वेळेने पडतो. (सगळ्यांनी टायमर बरोबर दहालाच लावला तर दहा वाजता नवा डोंगर उभा राहील, म्हणून वेळा वाटून घ्याव्या लागतात किंवा भार आपोआप वाटणारे चार्जर लावावे लागतात.) तुमचा चार्जर कमी अँपिअरवर चालवता येतो का ते पाहा. आजकालच्या बऱ्याच चार्जरांत ती सोय असते. ३.३ किलोवॅटवरही तुमचं रोजचं काम दोन-अडीच तासांत होईल. कमिटीला दिलेल्या पत्रात ‘मी रात्री अकरानंतरच आणि मर्यादित भारावर चार्ज करीन, पुढे सामाईक वेळापत्रक झालं तर ते पाळीन’ असं स्वतःहून लिहून द्या. कायद्याने तुम्ही असं लिहून द्यायला बांधील नाही. पण हे लिहून दिलंत की त्यांच्या नकारात काही उरत नाही, आणि उद्या हा कागद मी न्यायाधीशांपुढे आनंदाने ठेवीन.

नव्या ट्रान्सफॉर्मरचा खर्च कोण देणार? हा प्रश्न विचारून बहुतेक सभांमध्ये लोकांना गप्प बसवतात, म्हणून नीट सांगतो. कलम ४६ खाली कंपनीला पुरवठ्यासाठी लागणारा वाजवी खर्च अर्जदाराकडून घेता येतो. पण महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेने त्याला कुंपण घातलं आहे. यंत्रणेची क्षमता वाढवावी लागली, तर वाढीव क्षमतेत तुमच्या मागणीचा जेवढा वाटा, तेवढाच खर्च तुमच्याकडून घेता येतो. आणि तुमची मागणी त्या वाढीव क्षमतेच्या २५ टक्क्यांच्या आत असेल तर क्षमतावाढीचा खर्च तुमच्याकडून घेताच येत नाही. एका गाडीचे सात किलोवॅट या मर्यादेच्या आसपासही जात नाहीत. तुमच्या मीटरपर्यंतच्या सर्व्हिस लाइनचे ठरीव आकार वेगळे, ते भरावे लागतील. संपूर्ण ट्रान्सफॉर्मरची रक्कम कुणी तोंडी सांगितली तर ऐकून घ्या आणि कोटेशन लेखी मागा. सोसायटीने वीस-तीस गाड्यांसाठी एकच मोठी जोडणी मागितली तर मात्र ही २५ टक्क्यांची रेघ ओलांडली जाऊ शकते. तसा ठराव येत असेल तर अर्ज कुणाच्या नावाने आणि किती भाराचा, हे आधी कागदावर मांडून बघा.

वीजचोरीची धमकी फुसकी आहे. चोरीचं कलम १३५ मीटर चुकवणाऱ्याला, आकडा टाकणाऱ्याला लागतं. तुमची वीज तुमच्या मीटरमधून मोजली जाते. कलम १२६ मधला ‘अनधिकृत वापर’ही इथे बसत नाही. स्वतःची गाडी स्वतःच्या जागेत चार्ज केली तर त्या जागेचाच दर लागू होतो, असं आयोगाच्या दर-आदेशांत आलेलं आहे. दोन पथ्यं पाळा. मंजूर भारापेक्षा जास्त वीज ओढू नका, कारण त्यावरून कलम १२६ची नोटीस येऊ शकते आणि तिचा आकार दुप्पट दराने लागतो. आणि शेजाऱ्याची गाडी पैसे घेऊन चार्ज करून देऊ नका. त्याला परवाना लागत नाही, हे केंद्र सरकारने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे, पण मग तो घरगुती वापर राहत नाही आणि दरही बदलतो.

बिलाकडेही लक्ष ठेवा. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास जादा युनिटं, आणि घरगुती दरात तेवढ्याने माणूस वरच्या स्लॅबमध्ये जातो. वाहन चार्जिंगच्या स्वतंत्र दरात स्लॅब नसतात. मागच्या वर्षभराची बिलं घेऊन दोन्ही मांडून बघा. वेगळा मीटर कधी स्वस्त पडतो, कधी स्थिर आकारातच फायदा संपतो.

सोसायटीच्या पत्राला परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचा नकाशा जोडा. त्यात या गोष्टी दिसल्या पाहिजेत : मीटर रूमपासून फक्त चार्जरसाठी स्वतंत्र सर्किट, ३० मिलिअँपिअरला तुटणारं आरसीडी (करंट गळला की पुरवठा तोडणारं उपकरण), चांगलं अर्थिंग आणि जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर सॉकेट. काम झाल्यावर टेस्ट रिपोर्ट देण्याचं आणि नुकसान झाल्यास भरून देण्याचं हमीपत्र द्या. पंधरा दिवसांत सकारण लेखी उत्तर मागा. नकारच आला, किंवा काहीच आलं नाही, तर उपनिबंधकांकडे तक्रार करा आणि सहकारी संस्था अधिनियम, १९६०च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात दावा करून अंतरिम आदेश मागा. वीज कंपनी अडली तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा, मग ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जा. तिथे वकिलाची गरज नसते, हे वकील असून सांगतो. मंचाचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येतं.

राहिला दंड. कमिटीला मनात आलं म्हणून दंड लावता येत नाही. तुमच्या नोंदणीकृत उपविधींत तशी तरतूद हवी, सर्वसाधारण सभेने दर ठरवलेला हवा, आधी कारणे दाखवा नोटीस हवी आणि तुमचं म्हणणं ऐकलेलं हवं. उपविधींची आणि त्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागा. नोटिशीला सात दिवसांत उत्तर द्या, दंड मान्य नसल्याचं लिहा, आणि वायर काढल्याचा तारखेसह फोटो सोबत जोडा. त्या उत्तरात सेक्रेटरींबद्दल एक शब्दही नको. तुमचा मसुदा माझ्याकडे आला असता तर तसलं वाक्य मी सगळ्यात आधी खोडलं असतं.