‘मोटिव्हेशन’ कुठे मिळेल?

या वेळच्या बहुतेक पत्रांत ‘मोटिव्हेशन’ हा शब्द आहे आणि तो टॉनिकसारखा वापरला आहे: कमी पडलं की आणायचं, दोन चमचे घ्यायचं. तसं ते नसतं, हे मी आधीही लिहिलं आहे. पुन्हा लिहिते.

प्रश्न : नवी सवय लागायला २१ दिवस लागतात, हे खरं का?

उत्तर : नाही. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० च्या पुस्तकात लिहिलं होतं की, रुग्णाला आपला बदललेला चेहरा अंगवळणी पडायला निदान २१ दिवस लागतात. पुढे सांगणाऱ्यांनी ‘निदान’ही गाळलं आणि चेहराही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधल्या एका अभ्यासात सरासरी ६६ दिवस आली. माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं.

प्रश्न : प्रशिक्षणात मास्लो या मानसशास्त्रज्ञाचा गरजांचा पिरॅमिड शिकवला: तळाशी अन्न-सुरक्षिततेच्या गरजा, वर मान आणि स्वतःचा विकास. खालची गरज पुरी झाल्याशिवाय वरची जागीच होत नाही का?

उत्तर : होते. १९४३ च्या मूळ लेखात पिरॅमिड नाहीच. तो नंतर व्यवस्थापनाच्या मंडळींनी काढला. एक गरज शंभर टक्के भागल्यावरच दुसरी उगवते असं नाही, हे मास्लोने त्याच लेखात बजावलं होतं. पण त्रिकोण एका स्लाइडवर मावतो, लेख मावत नाही.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीला पुस्तक वाचल्यावर बक्षीस देते. आता बक्षीस नसेल तर ती पुस्तकाला हातच लावत नाही. काय चुकलं?

उत्तर : पूर्वी ती आपणहून वाचत होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावरच अडलं आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये चित्रं काढायची मुळातच आवड असलेली लहान मुलं घेतली. ‘चित्र काढ, प्रशस्तिपत्रक मिळेल’ असं काहींना आधीच सांगितलं, काहींना ते अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं, तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. आवडीचं काम मोबदल्याचं झालं. अचानक मिळालेल्या बक्षिसाने मात्र असं काही झालं नाही. म्हणून सौदा थांबवा, कौतुक थांबवू नका, आणि पुस्तक तिला निवडू द्या. मुळात वाचणंच तिला जड जात असेल, अक्षरं उलटसुलट होत असतील, तर शिक्षकांशी बोला आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या.

प्रश्न : राग साचू नये म्हणून उशीवर बुक्के मारावेत का?

उत्तर : नको. राग आणणाऱ्या माणसाला आठवत बुक्के मारले की राग वाढतो. मानसशास्त्रज्ञ बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात नुसते गप्प बसलेले लोक असे बुक्के मारणाऱ्यांपेक्षा शांत निघाले.

प्रश्न : धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. सात महिने कशातच रस नाही. जीव की प्राण असलेलं बुद्धिबळही सुटलं. घरचे आळशी म्हणतात. तीन प्रेरणा-शिबिरं झाली, आता ‘डोपामिन डिटॉक्स’चा कोर्स लावावा का?

उत्तर : शिबिरं तीन, डॉक्टर शून्य. हा हिशेब बघून माझं डोकं फिरतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं एक रसायन आहे, आणि ‘डिटॉक्स’ म्हणजे मोबाइलसारखी सुखं काही दिवस बंद करून ते ‘साफ’ करायचा दावा. पण डोपामिन हा काही शरीरात साचलेला मळ नव्हे, धुऊन काढायला. बेरिज आणि रॉबिन्सन या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलं. ते उंदीर समोरच्या अन्नाकडेही वळेनात. पण जिभेवर साखरपाणी घातलं की त्यांच्या तोंडावर गोडाची खूण पूर्वीसारखीच उमटे. हवंसं वाटणं आणि आवडणं या मेंदूच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. कोर्सवाले दोन्ही एकात कालवून विकतात.

आता आळसाचं. आळशी माणूस आवडीच्या कामाला उठतो. तुमचा भाऊ पटाकडेही फिरकत नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ असं चाललं, तर नैराश्याची शंका घ्यावी. तुमच्याकडे सात महिने झाले. थायरॉईड, रक्तक्षय, चालू असलेली औषधं, हेही तपासावं लागतं. शिबिरातून माणूस दोन दिवस तरतरीत येतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा अंथरुणात, आणि वर ‘एवढं करूनही मला जमलं नाही’ हा नवा बोजा. उपचारात पुष्कळदा उलट्या बाजूने सुरुवात करतात: इच्छेची वाट न पाहता छोटी, ठरलेली कृती आधी, इच्छा मागून येते. पण हे जाणकाराच्या देखरेखीखाली, घरच्यांच्या टोमण्यांखाली नव्हे.

आणि त्याला थेट विचारा, मरणाचे विचार येतात का. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. ‘नाही’ असेल तरी याच आठवड्यात. पत्रावरून निदान मी करत नाही, कोणी करूही नये.

प्रश्न : भीती वाटते म्हणून छाती धडधडते, की धडधडते म्हणून भीती वाटते? मला हल्ली रात्री अचानक धडधडतं.

उत्तर : मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स १८८४ मध्ये म्हणाले, शरीर आधी, भावना मागून. शरीरक्रियाशास्त्रज्ञ कॅनन यांनी १९२७ मध्ये हरकत घेतली: राग असो वा भीती, धडधड सारखीच, मग मनाला फरक कळतो कशावरून? वाद रंगतदार आहे, पण तुमचं दुसरं वाक्य वाचल्यावर मला त्यात रस उरला नाही. आधी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढा. हृदय ठीक निघालं, तर हा भीतीचा झटका असू शकतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

प्रश्न : प्रेरणेची पातळी सांगणारी रक्तचाचणी कुठे होते? जाहिरात सोबत जोडली आहे.

उत्तर : अशी चाचणी नाही. पैसे भरू नका.