पोहणाऱ्यांचा दुखरा खांदा

प्रश्न : माझे वय ४६ आहे. चिवला किनाऱ्यावरील सागरी जलतरण स्पर्धेसाठी मी महिन्याभरात अंतर दुप्पट केले आणि आता उजवा हात वर नेताना खांद्यात कळ येते. पोहणे सोडावे का? – एक वाचक, मालवण

उत्तर : पोहणे सोडण्याची वेळ बहुधा येणार नाही, अंतर वाढवण्याची घाई मात्र तुम्हाला भोवलेली दिसते. खांद्याचा सांधा उथळ खोबणीत बसलेला असतो आणि त्याला स्थिर ठेवणारे चार लहान स्नायू थकले, की हाताच्या प्रत्येक फेकीबरोबर त्यांच्या कंडरांवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांवर, ताण येतो. तुमचा तळहात पाण्यात नेमका कुठे शिरतो, हे सोबत्याला पाहायला सांगा. तो डोक्यासमोरची मध्यरेषा ओलांडत असेल किंवा अंगठा आधी बुडत असेल, तर हात खांद्याच्या रेषेत आणि बोटे आधी जातील, अशी सवय लावा. लाटा चुकवण्यासाठी समुद्रात आपण एकाच बाजूने श्वास घेत राहतो, तेही टाळावे. तूर्त अंतर निम्म्यावर आणा, हातातील पॅडल (सरावासाठी तळहाताला बांधायच्या चपट्या पट्ट्या) बाजूला ठेवा आणि कोपर कुशीला टेकवून रबरी पट्टा सावकाश बाहेर ओढण्याचा व्यायाम, दुखणार नाही इतपतच, एक दिवसाआड करा. बाम चोळून पोहत राहणे मला मुळीच मान्य नाही. रात्री त्या कुशीवर झोपवत नसेल किंवा हात उचलण्याची ताकद कमी झाली असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.