ब्रँड मोठा असला तर महामारीतही फ्रँचायझी तरते का?

नाही. मेहुण्याशी यावर इतके वेळा वाजलंय की उत्तर जरा तिखट होणार.

आम्ही दोघांनी मिळून एका कॉफी साखळीची फ्रँचायझी घेतली होती. त्याला मॉलच हवा होता, मला रस्त्यावरचा गाळा. "फूटफॉल, म्हणजे येणारी गर्दी, बघा ना भाऊजी," हे त्याचं पालुपद. गाळाच घेतला, कारण पैसे जास्त माझे होते. 2020 मध्ये मॉलना कुलपं लागली, तेव्हा आम्ही अर्धं शटर वर करून निदान पार्सल तरी देत होतो. साहेब श्रेय मात्र अजून ब्रँडलाच देतात!

त्याच ब्रँडने काय केलं तेही ऐका. ऑर्डर घरपोच नेणारे अ‍ॅपवाले कमिशन कापून पैसे देत, पण कंपनी रॉयल्टी, म्हणजे नाव वापरण्याबद्दलचा विक्रीतला वाटा, लावायची पूर्ण बिलावर. जाहिरात निधीचा हप्ता वेगळा. मी भांडायला लागलो तर मेहुणा म्हणे, कंपनीशी वाकडं कशाला घेता? मी मेलवर मेल टाकले. जाहिरातीचा हप्ता काही महिने माफ झाला. रॉयल्टी नुसती पुढे ढकलली, म्हणजे उधारीच. तोंडी बोलून त्यातलं काहीच मिळालं नसतं.

मोठ्या नावांचं म्हणाल, तर 2020 च्या दुसऱ्या तिमाहीत अमेरिकेत डॉमिनोजच्या जुन्या दुकानांची विक्री 16.1 टक्के वाढली. त्यांचा धंदा आधीपासूनच घरपोच आणि पार्सलवर उभा. त्याच वर्षी जुलैत पिझ्झा हटची फ्रँचायझी घेणारी तिथली सगळ्यात मोठी कंपनी, एनपीसी इंटरनॅशनल, दिवाळखोरीत गेली. 1200 च्या वर पिझ्झा हट होती तिच्याकडे, आणि डोक्यावर जवळपास 90 कोटी डॉलरचं कर्ज, तेही महामारीच्या आधीचं. पिझ्झा हट काय लहान ब्रँड आहे?

तेव्हा घेण्याआधी करार वाचा. रॉयल्टी कशावर, दुकान सक्तीने बंद राहिलं तर किमान रक्कम भरायची का, कंपनीच्या अ‍ॅपवर तुमच्या हद्दीतून आलेली ऑर्डर कोणाची. जागेच्या भाड्याचा करार वेगळा असतो, त्यातही बंदच्या काळाचं कलम घालून घ्या. हातात काही महिन्यांचं भाडं-पगार नसेल तर हे सगळं वाचूनही उपयोग नाही.

जिम, क्लासेस यांचं गणित वेगळं, त्यातलं मला विचारू नका. आणि हो, तयार अ‍ॅप आणि मालाचा पुरवठा कंपनीमुळेच मिळाला, तेवढं मेहुण्याचं खरं. पण त्याला सांगू नका.