भजनाला कुठला माईक घ्यावा?

प्रश्न: आमचं भजनी मंडळ आहे, देवळात कार्यक्रम करतो, आता घरी रेकॉर्डिंगही करायचंय. दुकानदार म्हणतो दोन्हीला कंडेन्सरच घ्या, आवाज क्लिअर येतो. घेऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: घरी घ्या, देवळात नको. कंडेन्सर बारीकसारीक सगळं पकडतो, म्हणजे तुमचा आवाज मस्त येईल पण शेजारचा पखवाज, टाळ, वर समोरचा स्पीकरही त्यात घुसणार आणि मग शिट्टी सुरू. स्टेजला डायनॅमिक कार्डिऑइडच बरा, म्हणजे कमी नाजूक कानाचा आणि मुख्यतः समोरचंच ऐकणारा; शुअर कंपनीचा एसएम ५८ हा असाच माईक १९६६ पासून चालतोय ते काय उगाच नाही. मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, माईकच्या बरोबर पाठीमागे ठेवा, तिथलं त्याला सगळ्यात कमी ऐकू येतं. आणि जाळी मुठीत धरू नका हो! जाळी झाकली की तो चहूबाजूचं ऐकायला लागतो, मग शिव्या मात्र साऊंडवाल्याला.
घरच्या कंडेन्सरला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (केबलमधूनच माईकला मिळणारी वीज) लागते, ती इंटरफेसमध्ये (माईक कॉम्प्युटरला जोडायची पेटी) आहे का ते आधी बघा. पॉप फिल्टर (प, फ म्हणताना येणारी फुंकर अडवणारी जाळी) लावा, माईक तोंडापासून वीतभर लांब ठेवा, फार जवळ गेलात तर खर्ज फुगतो. पंखा बंद, मागे जाड गोधडी टांगा.