‘यील्ड’ला उतारा म्हणावं का?

महापेच्या एका प्रयोगशाळेतून विचारणा आहे: मराठी अहवालात ‘यील्ड’ला, म्हणजे रासायनिक अभिक्रियेतून हवा तो पदार्थ किती मिळाला त्या प्रमाणाला, उत्पन्न म्हणावं, उत्पादन की उतारा? आणि एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मुख्य पीक, म्हणजे आलेखातला त्या घटकाचा उंचवटा, ९५ टक्के असेल तर यील्डही ९५ टक्के लिहावा का?

शब्द उतारा घ्या. ‘उत्पन्न’ म्हटलं की पगार आठवतो. ‘उत्पादन’ शालेय पुस्तकांतल्या ‘उत्पादित’ (अभिक्रियेत तयार होणारा पदार्थ) या शब्दाच्या फार जवळ जातं, वाचणारा घोटाळतो. साखर कारखान्यात उतारा रुळलेला आहेच. फक्त तिथे भाजक उसाचं वजन असतं, आपल्याकडे सैद्धांतिक कमाल, म्हणजे सगळा कच्चा माल पदार्थात बदलला तर मिळेल ते वजन. त्यामुळे नुसता ‘उतारा’ न लिहिता ‘उतारा, सैद्धांतिक कमालीच्या टक्के’ असं लिहावं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर साफ ‘नाही’. ९५ हा एरिया टक्का झाला, म्हणजे डिटेक्टरला (प्रकाशाचं शोषण मोजणाऱ्या भागाला) दिसलेल्या पिकांच्या एकूण क्षेत्रफळातला वाटा. अॅसिटिक आम्ल, क्षार, कॉलमवरच (घटक वेगळे करणाऱ्या नळीतच) अडकलेला डांबरी गाळ त्यात मोजलेच जात नाहीत. शिवाय एकाच तरंगलांबीला प्रत्येक रेणूचं शोषण वेगळं. (हा पीक पुल्लिंगी ठेवा, नाहीतर उताऱ्याशेजारी शेतातलं पीक उभं राहतं.)

पॅरा-अमिनोफेनॉल आणि अॅसिटिक अनहायड्राइडपासून बनणाऱ्या पॅरासिटामॉलचं गणित बघा. पॅरा-अमिनोफेनॉल १०.९१ ग्रॅम, म्हणजे १०० मिलिमोल. अॅसिटिक अनहायड्राइड जादा. सैद्धांतिक कमाल १५.१२ ग्रॅम. सगळा रिअॅक्शन मास (अभिक्रियेचं अख्खं मिश्रण) मेथनॉलमध्ये विरघळवून २५० मिली केला, त्यातला १ मिली १०० मिली केला. स्टँडर्ड (तुलनेसाठीचं शुद्ध पॅरासिटामॉल) ०.५ मिग्रॅ/मिली, एरिया १२,५०,०००, नमुन्याचा १३,००,०००. म्हणजे नमुना ०.५२ मिग्रॅ/मिली. गुणिले १०० गुणिले २५०, झाले १३.० ग्रॅम. उतारा ८६ टक्के. स्टँडर्डचा अस्से (त्यात खरं पॅरासिटामॉल किती) ९९ टक्केच असेल तर ०.९९ ने गुणा, ८५.१ उरतात. ही पायरी सर्रास राहून जाते. १३.० ग्रॅमना पॅरा-अमिनोफेनॉलच्या वजनाने भागलं तर हाच आकडा १.१९ येतो, म्हणून भाजक सांगितल्याशिवाय टक्का लिहू नये.

‘सगळा मास विरघळवून’ यावर खरा भर आहे. पाण्यात केलेली अभिक्रिया थंड झाली की पॅरासिटामॉलचे स्फटिक खाली बसतात. वरच्या द्रावातून नमुना उचलला तर उतारा खोटा कमी दिसतो, चमच्याने गाळ आला तर खोटा जास्त. विरघळवताना मेथनॉल वापरल्याने उरलेलं अनहायड्राइडही संपतं, नाहीतर व्हायलमध्येही (नमुन्याच्या बाटलीतही) अभिक्रिया चालूच राहते. पॅरा-अमिनोफेनॉल हवेत काळवंडतं, तेव्हा इंजेक्शन, म्हणजे नमुना यंत्रात सोडणं, लांबवू नका. एकूण आकारमानाची खात्री नसेल तर अभिक्रियेत भाग न घेणारं अंतर्गत प्रमाणद्रव्य (ज्याच्या पिकाशी तुलना करायची तो ज्ञात वजनाचा पदार्थ) सुरुवातीलाच तोलून टाका.

अहवालात आणखी दोन शब्द लागतील. पॅरा-अमिनोफेनॉल ४ मिलिमोल उरलं असेल तर ‘रूपांतर’ (कच्चा माल किती खर्च झाला) ९६ टक्के, आणि ८६ भागिले ९६ म्हणजे ‘निवडकता’ (खर्च झालेल्यातून हवा तो पदार्थ किती बनला) ८९.६ टक्के. गाळून, वाळवून हाती १२.४० ग्रॅम आलं, अस्से ९८ टक्के, तर तो ‘विलग उतारा’ ८०.४ टक्के, द्रावणातल्या ८६ शी त्याची गल्लत नको. दोन्हींतला फरक बहुतांशी मातृद्रवात (स्फटिक गाळल्यावर उरलेल्या द्रवात) आणि धुण्याच्या पाण्यात सापडतो. तेही इंजेक्ट करा.